न्हाणीघराची ओल जाता जात नाही? फरशी फोडण्याआधी करायच्या तपासण्या आणि त्यांचा खर्च

बेळगावच्या वडगावातल्या एका घरात विणायच्या मागाच्या खोलीची भिंत कायम ओली असायची. भिंतीपलीकडे न्हाणीघर. घरच्या मावशींनी दोनदा फरशी काढून वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं आणि तिसऱ्यांदा फोडायला मला बोलावलं होतं. "अण्णा, दोनदा फोडून झालं की. तरी ओल जाईना बघा," म्हणाल्या. मी फरशीला हात लावला नाही, आधी गच्चीवर गेलो. न्हाणीघराच्या बरोबर वर पाण्याची टाकी होती. तिचा ओव्हरफ्लोचा पाइप मध्येच तुटलेला आणि टाकी भरली की पाणी कट्ट्याखालच्या भेगेत मुरायचं. एक एल्बो (पाइपचा वाकडा जोड), २ फूट पाइप आणि भेग भरायचं सामान, सगळं ३०० रुपयांत बसलं. भिंत वाळायला मात्र दीड महिना गेला.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मी न्हाणीघरांचीच दुरुस्ती करतो. ओल दिसली की "वॉटरप्रूफिंग गेलं" असं लोक धरून चालतात आणि थेट फोडाफोडीचा दर विचारतात. पाणी कुठून येतंय हे न शोधता केलेलं ५०-६० हजारांचं काम त्याच भिंतीवर पुन्हा पोपडे आणतं, हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता तपासणी झाल्याशिवाय मी दरच सांगत नाही. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो. तो मोडू नका.

आधी लक्षणं

दोन-चार दिवस नुसतं बघा. ओलीच्या कडेने भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा, शेजारी तारीख घाला. डोळ्यांना ओल रोज सारखीच वाटते, रेघेमुळे ती पुढे सरकते आहे की मागे ते कळतं.

ओल कुठे आहे यापेक्षा ती कधी वाढते, हे जास्त सांगून जातं. अंघोळी आटोपल्या आणि तासाभरात खालच्या छताला थेंब लोंबायला लागले, तर संशय नहाणी ट्रॅपवर (अंघोळीचं पाणी जिथून पाइपात उतरतं ते फरशीतलं जाळीचं तोंड) किंवा त्याच्या सांध्यावर. घर आठ दिवस बंद होतं तरी ओल तेवढीच राहिली, तर भिंतीतला नळाचा पाइप. आपल्याकडे बऱ्याच भागांत पाणी रोज येत नाही. पाण्याच्या दिवशीच ओल वाढत असेल तर टाकीत जाणारी थेट लाइन बघायची, न्हाणीघराची फरशी नाही. जून ते सप्टेंबर एवढाच त्रास असेल तर पाणी बाहेरून येतंय, गच्चीतून किंवा पावसाच्या माऱ्याच्या भिंतीतून. खानापूरकडच्या पावसात हे नेहमीचंच.

तळमजल्यावर सगळ्याच भिंती जमिनीपासून २-३ फुटांपर्यंत ओल्या असतील, न्हाणीघरापासून लांबच्यासुद्धा, तर ती जमिनीतून वर चढणारी ओल आहे. जुन्या घरांत जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेला नसतो. न्हाणीघर सोन्याने मढवलं तरी ती ओल थांबणार नाही.

पांढरा लोणा म्हणजे पाणी बऱ्याच दिवसांपासून भिंतीतून फिरतंय आणि वाळताना क्षार बाहेर सोडतंय. त्यावरून उगम कळत नाही. आपल्याकडच्या चिऱ्याच्या भिंतीत तर हे जास्तच फसवं असतं. जांभा दगड सच्छिद्र, तो पाणी लांब वाहून नेतो. गळती एका कोपऱ्यात आणि डाग ५ फुटांवर, असं मी कित्येकदा पाहिलंय. म्हणून डागासमोरची फरशी फोडणं हा सगळ्यात महागडा अंदाज ठरतो.

खिशाला हात न लावता होणाऱ्या तपासण्या

रात्री झोपताना सगळे नळ घट्ट बंद करा आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. टाकीतून खाली येणाऱ्या पाइपची चावी (व्हॉल्व्ह) उघडीच ठेवा. सकाळी कुणीही पाणी वापरण्याआधी पातळी बघा. ती उतरली असेल तर पाणी कुठेतरी जातंय. दुसऱ्या रात्री न्हाणीघराची वेगळी चावी बंद करून तेच करा. आता पातळी तशीच राहिली, तर गळती न्हाणीघराच्या लाइनवर आहे हे ठरलं. थेट लाइनला मीटर असेल तर काम आणखी सोपं: टाकीचा फ्लोट बंद असताना, घरातले नळ बंद असताना मीटरचा काटा हलता कामा नये.

ही तपासणी पहिली, कारण पाइप फुटका असेल तर फरशीवर कितीही लेप द्या, पाणी त्याच्या मागून येत राहतं. २५-३० वर्षांपूर्वीच्या घरांत भिंतीत जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप असतात. ते आतून गंजतात आणि सांध्याजवळ सुईएवढं भोक पडतं. बाहेर थेंबही दिसत नाही, भिंत पाणी पीत राहते.

कमोड असेल तर फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात पिवळं पाणी उतरलं तर आतला वॉशर गेलाय. पाणी रात्रंदिवस झिरपतं आणि कमोडचा खालचा सांधा कच्चा असेल तर तिथून फरशीखाली जातं. वॉशर स्वस्त असतो, घरी बदलता येतो.

थंडीत छताला बारीक थेंब आणि कोपऱ्यात काळी बुरशी दिसली तर ती गळती असेलच असं नाही. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब कागदाच्या खोलीकडच्या बाजूला आले तर ती गिझरच्या पाण्याची वाफ. झडप उघडी ठेवा नाहीतर एक्झॉस्ट पंखा बसवा, काम संपलं. थेंब कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला आले तर भिंतीतच पाणी आहे, पुढे चला.

यानंतर गच्ची आणि बाहेरची भिंत. टाकीचा कट्टा, ओव्हरफ्लो, खिडकीवरच्या छज्जाचा सांधा, बाहेरून उतरणाऱ्या ड्रेनेज पाइपचे जोड. निपाणी-चिकोडीकडे काळ्या मातीवरची घरं असतील तर आणखी एक जागा बघा. पावसात काळी माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. मूळ घराला मागून नंतर न्हाणीघर जोडलेलं असलं की दोघांचा पाया वेगळा, हलणं वेगळं. जोडावर उभी भेग पडते आणि दर पावसाळ्यात तिच्यातून पाणी आत येतं. ती सिमेंटने भरली की पुढच्या वर्षी पुन्हा फाटते. भेग थोडी रुंद करून आत रबरासारखं ताणलं जाणारं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरावं लागतं.

पाणी कोंडून बघणं

नळ, फ्लश आणि गच्ची निर्दोष निघाली तरच फरशीकडे वळा. याला दोन दिवस लागतात. खालच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर त्यांना आधी सांगा.

नहाणी ट्रॅपचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीत कापड कोंबून घट्ट बंद करा. उंबऱ्याच्या खाली राहील इतकं, साधारण दीड-दोन इंच पाणी भरा. शेजारी एका ताटलीत तेवढंच खोल पाणी ठेवा, म्हणजे उन्हा-वाऱ्याने किती आटलं ते वेगळं कळेल. २४ तासांनी दोन्ही मोजा. फरशीवरचं पाणी ताटलीपेक्षा जास्त उतरलं आणि कापडाचा बोळा घट्ट टिकला असेल, तर फरशीचे सांधे किंवा भिंतीचा तळ गळतोय. पाणी जागेवर राहिलं, तर बोळा काढून सगळं सोडून द्या. पुढचा एक दिवस फरशी कोरडी ठेवून फक्त ट्रॅपमध्ये बादलीने पाणी ओता, १०-१५ बादल्या, थांबून थांबून. आता खाली ओल आली तर दोष ट्रॅपचा किंवा त्यापुढच्या पाइपचा, आणि फरशी वाचली.

ट्रॅपचा दोष आणि फरशीचा दोष वेगळा करणं हाच सगळ्या तपासणीचा गाभा आहे. ट्रॅपचं काम ४ ते ६ हजारांत होतं, फरशीचं त्याच्या दहापट. पीव्हीसी आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत, म्हणून पाइपभोवती केसाएवढी फट राहते आणि पाणी नेमकं तिथून स्लॅबमध्ये उतरतं. माझ्याकडे येणाऱ्या "वॉटरप्रूफिंग गेलं"च्या तक्रारींत ही फट सगळ्यात जास्त वेळा सापडते.

एक सावधगिरी. ५ बाय ७ फुटांच्या फरशीवर २ इंच पाणी म्हणजे दीडशे किलोंपेक्षा जास्त भार. खालच्या छताचं प्लास्टर आधीच फुगलं असेल किंवा सळई दिसत असेल तर पाणी कोंडू नका.

शे-दोनशे ते काही हजारांची कामं

सांधे गळत असतील तर लगेच फोडू नका. फरशी ठोकून बघा. सगळीकडे भरीव आवाज आला तर सांधे नव्याने भरून भागू शकतं. बहुतेक ठिकाणी मेस्त्री सांधे व्हाइट सिमेंटने भरतात आणि घरची माणसं दर आठवड्याला ॲसिड टाकून फरशी घासतात. ॲसिड सिमेंट खातं. टाइल चकचकीत राहते आणि सांधा आतून पोकळ होतो. मी प्रत्येक घरात हात जोडून सांगतो, न्हाणीघरात ॲसिड नको, साबण आणि ब्रश पुरे. पांढरे डाग फारच असतील तर पातळ व्हिनेगर लावून लगेच धुवा.

जुना सांधा किमान २-३ मि.मी. खोल खरवडायचा, पूर्ण कोरडा होऊ द्यायचा आणि एपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा कडक होणारा माल) भरायचं. १ फुटाच्या टाइल आणि ३ मि.मी.चे सांधे असतील तर ५ बाय ७ च्या फरशीला १ किलो पुरतं. डबा ५०० ते ८०० रुपयांना पडतो, वर एका माणसाची एक दिवसाची हजेरी. भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट नको, तिथे सॅनिटरी सिलिकॉन. दोन वेगळ्या दिशांनी हलणाऱ्या जागा कडक मालाने जोडल्या की तिथेच चीर पडते. त्यानंतर किमान २४ तास न्हाणीघर बंद ठेवा आणि पाणी कोंडण्याची तपासणी पुन्हा करा.

टाइलवरून मारायचे पारदर्शक लेपही मिळतात, "न फोडता गळती बंद" म्हणून. केसाएवढ्या चिरा असतील तर काही काळ उपयोग होतो. ठोकल्यावर पोकळ वाजणाऱ्या फरशीवर किंवा गळक्या ट्रॅपवर ते पैसे वाया जातात, आणि काही लेपांनी फरशी निसरडी होते. घरात म्हातारी माणसं असतील तर मी ते सुचवत नाही.

ट्रॅप दोषी असेल तर त्याच्याभोवती दीड फूट चौकोन उघडून नवा ट्रॅप बसवायचा, भोवतीची जागा न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची आणि वरून वॉटरप्रूफिंगचा लेप जुन्या थरावर किमान ६ इंच चढवायचा. भिंतीतल्या पाइपचा संशय असेल तर प्लंबरकडून हातपंपाने दाब देऊन घ्या. ५०० ते १,००० रुपयांत खात्री होते. दाब उतरतो तीच लाइन उघडायची. चिऱ्याच्या भार पेलणाऱ्या भिंतीत आडवी लांब झिरी मात्र मारू देऊ नका. नवी लाइन बाहेरून, उघडी घेतली तरी चालते, आणि पुढे गळली तर दिसतेही.

सगळं उघडावंच लागलं तर

फरशी पोकळ वाजते, पाणी कोंडल्यावर उतरतं, भिंतीच्या टाइल सुटायला लागल्यात, असं सगळं जुळलं तर पूर्ण काम करा. ५ बाय ७ फूट, ७ फुटांपर्यंत टाइल, असं न्हाणीघर धरून माझ्याकडचे सध्याचे दर साधारण असे आहेत. फोडणं आणि राडारोडा हलवणं ५ ते ८ हजार. सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिकची) लाइन, ट्रॅप आणि प्लंबरची मजुरी १० ते १५ हजार. कोबा आणि प्लास्टर ६ ते १० हजार. फरशी ३५ चौरस फूट, सगळ्या भिंतींवर १ फूट आणि शॉवरच्या कोपऱ्यात ७ फूट असा मिळून साधारण १०० चौरस फूट लेप, ४० ते ६० रुपयांनी ४ ते ६ हजार. टाइल साधारण २१० चौरस फूट, ८ ते साडेबारा हजार, बसवणावळ साडेसहा ते साडेनऊ हजार, ग्राउट आणि किरकोळ ३ ते ५ हजार. बेरीज साडेबेचाळीस ते ६६ हजार. कमोड, नळ, गिझर वेगळे.

यात लेपाचा वाटा बघा, जेमतेम दहावा हिस्सा. तरी पैसे कमी करायची वेळ आली की लोक नेमका तोच कमी करतात, म्हणजे दोनऐवजी एकच हात. फोडणं आणि टाइल यांचा खर्च एकदा झाला की लेपातले वाचवलेले हजार रुपये पुढे पूर्ण रक्कम परत मागतात. काटकसर टाइलच्या किमतीत करा.

"सिमेंटात औषध टाकलंय" एवढ्यावरही थांबू नका. आयएस २६४५ या भारतीय मानकात बसणारं ते मिश्रण चांगलंच, कोब्यात ते हवंच, पण ते लेपाची जागा घेत नाही. लेप म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा पॉलिमर-सिमेंटचा थर. आधी फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोल वाटा (कोपरा गोलवणारी पट्टी) काढायचा, कारण काटकोनात लेप पातळ बसतो आणि तिथेच फाटतो. पाइपभोवती आणि वाट्यावर जाळी. पहिला हात उभा, तो वाळला की दुसरा आडवा. ट्रॅपच्या गळ्यात लेप आत उतरवायचा. आणि उंबरा! उंबऱ्याखाली लेप न नेल्यामुळे कोब्यातलं पाणी दाराखालून खोलीत येतं आणि दाराची चौकट कुजते. उंबरा बसवण्याआधी हे डोळ्यांनी बघा. ढाळ दर फुटाला ५ मि.मी. पुरे, शेवटी बादलीभर पाणी ओतून ते कुठेही न साचता ट्रॅपकडे जातंय का ते बघायचं.

काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत करा. ओल्या भिंतीवर लेप धरत नाही आणि आपल्याकडे वळवाचे पाऊस एप्रिल-मेमध्येच सुरू होतात.

इथे थांबा

ओल्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल, नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा गिझरजवळ पाणी ठिबकत असेल तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येऊन जाईपर्यंत न्हाणीघर वापरू नका. यात पाणी-गळतीचा विचार नंतर.

खालच्या छताला गंजाचे तपकिरी डाग, सळई उघडी पडलेली, काँक्रीटचे तुकडे पडतायत, असं दिसलं तर काम गवंड्याचं राहिलं नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. त्यावर प्लास्टर चढवणं म्हणजे दुखणं झाकणं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. भरलेली भेग वर्षाच्या आत पुन्हा उघडली, किंवा भेगेत नाणं आत जातंय, तरीही इंजिनिअरलाच दाखवा. कमोडच्या लाइनचा वास खालच्या घरात येत असेल किंवा अपार्टमेंटच्या सामाईक डक्टमधला (सगळ्या मजल्यांचे पाइप उतरतात त्या पोकळीतला) पाइप गळत असेल तर स्वतः छन्नी लावू नका. बेळगावच्या टिळकवाडीत एका घरी हौसेने डक्ट उघडला आणि तीन मजल्यांची लाइन दोन दिवस बंद राहिली.

पूर्ण काम द्याल तेव्हा कागदावर लिहून घ्या, मराठीत किंवा कन्नडमध्ये, दोघांना वाचता येईल त्या भाषेत: कोणता लेप, किती हात, भिंतीवर किती उंच, ट्रॅप नवा की जुना. लेप वाळल्यावर आणि टाइल लावण्याआधी ४८ तास पाणी कोंडायचं. खालच्या छताचे सुरुवातीचे आणि शेवटचे फोटो तारखेसह काढा, पेन्सिलीच्या रेघा फोटोत येतील असे. छत कोरडं राहिलं तरच टाइलचं खोकं उघडू द्या आणि पुढचा हप्ता द्या.